मध्यमवयातील विस्मरण

मध्यमवयातील विस्मरण म्हणजे साधारणतः ४० ते ६५ या वयात जाणवू लागणारी स्मरणशक्तीची मंदता आणि तिच्या जोडीने येणारा एकाग्रतेचा अभाव. ओळखीच्या माणसाचे नाव ऐनवेळी न आठवणे, दुसऱ्या खोलीत गेल्यावर तेथे कशासाठी आलो हे विसरणे, किल्ल्या वा चष्मा न सापडणे, वाचलेले पान पुन्हा वाचावे लागणे ही त्याची नेहमीची रूपे होत. हा स्वतंत्र रोग नाही. बहुसंख्य व्यक्तींत तो वयोमानाचा, अपुऱ्या झोपेचा, ताणाचा किंवा विभागलेल्या अवधानाचा परिणाम असतो. काहींत मात्र तो थायरॉईडची न्यूनता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य अशा उपचारांनी बऱ्या होणाऱ्या विकाराचे लक्षण असतो, तर अगदी थोड्या व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचा आरंभ. या तिन्हींतील भेद वेळीच ओळखण्याला व्यवहारात सर्वाधिक महत्त्व आहे.

स्वरूप

स्मरणाच्या प्रक्रियेचे ग्रहण, धारण आणि प्रत्यानयन असे तीन टप्पे मानले जातात. मध्यमवयातील पुष्कळशा विस्मरणाचे मूळ पहिल्याच टप्प्यात असते. दूरध्वनीवर बोलता बोलता किल्ली फडताळावर ठेवली, तर ती जागा मनात नोंदलीच जात नाही. जे नोंदले गेले नाही ते आठवणार कोठून? अशा वेळी ‘विसरलो’ म्हणण्यापेक्षा ‘लक्ष नव्हते’ म्हणणे अधिक अचूक ठरते. मन एका वेळी किती गोष्टी धरून ठेवू शकते यासंबंधी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ‘सात, अधिक-उणे दोन’ हा प्रसिद्ध आकडा दिला होता. नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये ही मर्यादा सुमारे चारच असल्याचे प्रतिपादन केले.

नावे न आठवण्याची तक्रार सर्वांत सामान्य आहे. नाव अगदी ओठांवर आहे पण उच्चारता येत नाही, या अवस्थेचा पहिला पद्धतशीर अभ्यास रॉजर ब्राउन व डेव्हिड मॅकनील यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. या अवस्थेत शब्दाचे आद्याक्षर किंवा लांबी अनेकदा सांगता येते, म्हणजेच शब्द स्मृतीतून पुसला गेलेला नसतो. विशेषनामे अधिक अडतात, कारण त्यांना अर्थाचा आधार नसतो. एखादा मनुष्य सुतारकाम करतो हे लक्षात राहते, पण त्याचे आडनाव सुतार आहे हे निसटते. शब्द एकच असूनही असा फरक पडतो, हे निरनिराळ्या भाषांतील प्रयोगांतून दिसून आले आहे.

ब्रिटिश शासकीय कर्मचाऱ्यांच्या ‘व्हाइटहॉल २’ या दीर्घकालीन अभ्यासाचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या विषयात वारंवार उद्धृत केले जातात. त्यांनुसार ४५ ते ४९ या वयोगटातही दहा वर्षांत तर्कशक्तीच्या चाचणीतील गुण सुमारे ३.६ टक्क्यांनी घटले. शब्दसंग्रह मात्र घटला नाही. रेमंड कॅटेल यांनी प्रवाही बुद्धी आणि संचित बुद्धी असा जो भेद केला होता, त्याच्याशी हे जुळते. नव्या प्रश्नाची झटपट उकल करण्याची क्षमता ओसरू लागते, तर भाषा, अनुभव आणि व्यवसायातील जाण दीर्घकाळ टिकते. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण या दृष्टीने अर्धीच खरी आहे, आणि तिचा उत्तरार्ध कोणी रचलेला नाही.

संकल्पनेचा इतिहास

पतंजलींच्या योगसूत्रांत स्मृती ही चित्ताच्या पाच वृत्तींपैकी एक मानली आहे. चरकसंहितेत धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून घडणाऱ्या अयोग्य कर्माला ‘प्रज्ञापराध’ म्हटले असून तो रोगांच्या कारणांत गणला आहे. एकाग्रतेसाठी मराठीत रूढ असलेला ‘अवधान’ हा शब्दही जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभच श्रोत्यांकडे अवधान मागून होतो.

विस्मरणाचा प्रायोगिक अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी सुरू केला. निरर्थक अक्षरसमूह पाठ करून आणि स्वतःचीच परीक्षा घेऊन त्यांनी १८८५ मध्ये दाखवले, की विस्मरणाचा वेग प्रारंभी फार असतो व पुढे मंदावतो. १९६२ मध्ये कॅनडातील मनोविकारतज्ज्ञ व्ही. ए. क्राल यांनी वृद्धांमधील विस्मरणाचे सौम्य व घातक असे दोन प्रकार वर्णिले. पहिल्यात प्रसंग आठवतो, पण त्यातील नाव वा तारीख निसटते आणि नंतर कधीतरी आठवते. दुसऱ्यात प्रसंगच पुसला जातो. तपासणीची साधने कितीही सुधारली असली, तरी घरातील माणसांसाठी ही ढोबळ कसोटी आजही उपयोगी आहे.

कारणे

दिवसभरातील अनुभव दृढ होण्याचे काम बऱ्याच अंशी झोपेत होते. त्यामुळे रोजची अपुरी झोप स्मरणावर थेट परिणाम करते. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडणे हा विकार मध्यमवयात वाढतो. त्याचा रुग्ण सात-आठ तास अंथरुणात असूनही दिवसा पेंगतो व काम विसरतो. मुलांचे शिक्षण, वृद्ध आईवडिलांची शुश्रूषा आणि नोकरीतील जबाबदारी या वयात एकाच वेळी अंगावर येतात. एक काम अर्धवट टाकून दुसरे हाती घेतले, की पहिल्याचा अंश मनात घोळत राहतो व दुसरे बिघडते. भ्रमणध्वनीवरील सततच्या सूचनांनी ही स्थिती अधिक वाढवली आहे.

स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीच्या संक्रमणकाळात शब्द न सुचणे व लक्ष न लागणे या तक्रारी वाढतात. भारतीय स्त्रियांत रजोनिवृत्तीचे सरासरी वय सुमारे ४६ ते ४७ वर्षे असल्याने हा अनुभव चाळिशीतच येऊ शकतो. ‘स्वॅन’ या अमेरिकेतील दीर्घकालीन अभ्यासात संक्रमणकाळाच्या उत्तरार्धात नवे शिकण्याची गती मंदावल्याचे आणि रजोनिवृत्तीनंतर ती पूर्ववत झाल्याचे आढळले. म्हणजेच ही अवस्था बहुधा तात्पुरती असते. तथापि घरी आणि दवाखान्यातही या तक्रारीची वासलात ‘तुम्ही फार विचार करता’ या वाक्याने लावली जाते, आणि थायरॉईडची साधी रक्ततपासणी राहून जाते.

थायरॉईडच्या न्यूनतेत मंदपणा, थकवा, वजनवाढ आणि विस्मरण एकत्र दिसतात. ब-१२ जीवनसत्त्व प्रामुख्याने प्राणिज आहारातून मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींत त्याची कमतरता अधिक आढळते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि आम्लपित्तावरील पँटोप्राझोलसारखी औषधे दीर्घकाळ घेतल्यानेही ती उद्भवू शकते. पायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे ही तिची लक्षणे असून रक्तक्षय नसतानाही मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. ही इजा फार काळ दुर्लक्षित राहिली तर पूर्णतः भरून येत नाही. नैराश्य, मद्यपान, अनियंत्रित रक्तदाब आणि बहिरेपणा हीही कारणे होत. सर्दीच्या गोळ्यांतील क्लोरफेनिरामिन आणि झोपेसाठी घेतले जाणारे अल्प्राझोलाम यांनी स्मरण मंदावते. ही औषधे वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर घेतली जातात, हे विशेष चिंताजनक आहे. मात्र झोपेची गोळी एकाएकी बंद करणेही धोक्याचे असल्याने ती वैद्यकीय सल्ल्यानेच कमी करावी लागते.

स्मृतिभ्रंशापासून भेद

किल्ली कोठे ठेवली हे विसरणे सामान्य आहे. किल्ली कशासाठी असते हे न उमगणे सामान्य नाही. तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा पुन्हा विचारणे, परिचित रस्त्यावर चुकणे, नेहमीचा स्वयंपाक वा हिशेब न जमणे, स्वभावात अकारण पालट होणे, ही लक्षणे दिसल्यास मज्जाविकारतज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते. आपण विसरतो याची काळजी स्वतः रुग्णालाच वाटत असेल, तर कारण बहुधा सौम्य असते. रुग्ण निश्चिंत आणि घरचे चिंतित असतील, तर प्रकरण अधिक गंभीर असण्याचा संभव असतो. विस्मरण काही दिवसांत वा आठवड्यांत झपाट्याने वाढले किंवा डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झाले, तर विलंब करू नये. वाचा अडखळणे वा हातापायातील शक्ती जाणे हे अचानक घडल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

स्मृतिभ्रंश मुख्यतः साठीनंतर आढळतो, परंतु केवळ वय कमी म्हणून तो नाकारता येत नाही. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ज्या रुग्णेचे वर्णन केले, ती १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती.

व्यवहारातील उपाय

स्मरणाचा भार मनावरून वस्तूंवर सोपवणे हा सर्वांत जुना व खात्रीचा उपाय आहे. उपरण्याला किंवा पदराला गाठ मारण्याच्या चालीचा माग ‘खूणगाठ बांधणे’ या वाक्प्रचारात आजही दिसतो. चष्मा, किल्ली, पाकीट यांना एकच ठरलेली जागा. सर्व नोंदींसाठी एकच वही. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी, एवढ्याने रोजची बरीच धावपळ टळते. चार ठिकाणी चिठ्ठ्या ठेवणाऱ्यास चिठ्ठ्याही शोधाव्या लागतात.

पुढे करावयाच्या कामासाठी ‘औषध घ्यायचे आहे’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘सकाळचा चहा झाला की कपाजवळची गोळी घ्यायची’ असा प्रसंगाशी जोडलेला निश्चय अधिक फलदायी ठरतो, असे पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनातून दिसते. गॅस बंद करताना किंवा कुलूप लावताना ती कृती मोठ्याने उच्चारणे हास्यास्पद वाटले, तरी त्यामुळे कृतीकडे लक्ष जाते व नंतर परत फिरून पाहावे लागत नाही. नव्या व्यक्तीचे नाव लगेच संभाषणात वापरावे आणि काही मिनिटांनी मनाशी आठवून पाहावे. पुनर्वाचनापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न स्मरण अधिक दृढ करतो, हे रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवरील प्रयोगांत दाखवले. हे तत्त्व परीक्षार्थींना जितके लागू आहे तितकेच पन्नाशीत नवी संगणक प्रणाली शिकणाऱ्यालाही. वेदपठणातील जटा, घन या पाठांतही शब्दांचा क्रम उलटसुलट करून तेच शब्द पुन्हा पुन्हा म्हटले जातात. घोकंपट्टी म्हणून त्याची थट्टा होते, पण नुसत्या घोकण्याहून ही रीत पुष्कळ कठीण आहे.

एकाग्रतेसाठी एका वेळी एकच काम आणि तेवढा वेळ भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत, ही शिस्त पाळणे कठीण पण उपयुक्त असते. काम मध्येच सोडावे लागले, तर पुढची पायरी कागदावर लिहून ठेवल्यास परत आल्यावर धागा सापडतो.

शारीरिक व्यायामाचा लाभ हृदयाइतकाच मेंदूलाही होतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या व्यायामाची शिफारस करते. वेगाने चालणे त्यात येते. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाशी निगडित, बदलता येण्याजोगे १४ घटक नोंदवले. त्यांत मध्यमवयातील बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल, व्यायामाचा अभाव आणि नैराश्य यांचा समावेश आहे. चष्मा विनासंकोच लावला जातो, श्रवणयंत्र मात्र वर्षानुवर्षे टाळले जाते. बहिरेपणामुळे जे ऐकूच आले नाही, ते विस्मरणाच्या खाती जमा होते.

औषधे व पूरके

केवळ वयोमानाने येणाऱ्या विस्मरणावर सिद्ध झालेले औषध नाही. चरकसंहितेतील मेध्य रसायनांत मंडूकपर्णी, यष्टिमधु, गुडूची आणि शंखपुष्पी यांचा उल्लेख आहे. ब्राह्मी या नावाने दोन भिन्न वनस्पती विकल्या जात असल्याने वेष्टन वाचणे आवश्यक ठरते. त्यांपैकी जलब्राह्मीच्या काही लहान चाचण्यांत सुमारे १२ आठवड्यांनंतर मर्यादित सुधारणा दिसली आहे. जिंको वनस्पतीच्या अर्काची तीन हजारांहून अधिक वृद्धांवर अमेरिकेत चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्याने स्मृतिभ्रंश टळला नाही. मेंदूच्या व्यायामाचे संगणकीय खेळ खेळल्याने बहुधा त्या खेळातच प्रावीण्य येते. अशा खेळांच्या ‘ल्युमॉसिटी’ या उत्पादनाविषयीच्या फसव्या जाहिरातींच्या आरोपावरून तिच्या निर्मात्या कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २० लाख डॉलरची तडजोड केली. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांना जिंकोमुळे रक्तस्रावाचा धोका संभवतो. म्हणून कोणतेही पूरक सुरू करण्यापूर्वी चालू औषधांची यादी वैद्यांना दाखवणे इष्ट असते.