मेंदूतली गाठ किती पसरली, हे स्कॅनवर कसं कळतं? जुन्या फिल्म का जपायच्या?

जळगाव/धुळे : मोठ्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदाच फिट आली, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखून उलटी होते, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळू लागलं, तर 'बाहेरचं झालं' म्हणत दिवस घालवू नयेत. अशा वेळी डॉक्टर मेंदूचा स्कॅन सांगतात.

सीटी स्कॅन आणि एमआरआय
सीटी स्कॅन एक्स-रेवर चालतो आणि काही मिनिटांत होतो. जगात माणसावरचा पहिला सीटी स्कॅन १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये झाला, तोही मेंदूत गाठ असल्याचा संशय असलेल्या महिलेचा. एमआरआयमध्ये एक्स-रे नसतो, मोठं चुंबक असतं. वेळ जास्त लागतो, आवाज मोठा होतो, पण गाठीची हद्द त्यात जास्त स्पष्ट दिसते. त्यासाठी बऱ्याचदा शिरेतून औषध देतात, त्याने गाठीचा भाग उजळून दिसतो.

पसरणं कसं ओळखतात?
काही गाठी हराळीसारख्या असतात. वर दिसते त्यापेक्षा मुळं लांब गेलेली. ग्लायोमा ही गाठ अशीच आजूबाजूच्या मेंदूत शिरते, म्हणून स्कॅनवर दिसणाऱ्या कडेपलीकडेही तिच्या पेशी असू शकतात. फुफ्फुस किंवा स्तनाचा कॅन्सर मेंदूत गेला, तर अनेकदा एकापेक्षा जास्त गाठी दिसतात. लहान मुलांच्या काही गाठी मेंदूतल्या पाण्यावाटे पाठीच्या कण्यात उतरतात, म्हणून त्यांच्या मणक्यांचाही एमआरआय करतात.

मात्र स्कॅनवर दिसलेली प्रत्येक गाठ कॅन्सरची नसते. टीबीची गाठ किंवा जंताची गाठही तशीच दिसू शकते. पक्कं निदान बऱ्याचदा तुकडा तपासल्यावरच होतं.

जुनी फिल्म म्हणजे शेताचा जुना नकाशा
बांध सरकला की नाही, हे जुना नकाशा असल्याशिवाय ठरत नाही. गाठीचंही तसंच आहे. ऑपरेशननंतर साधारण दोन-तीन दिवसांत एमआरआय करतात, पुढचे स्कॅन त्याच्याशी ताडून पाहतात. रेडिएशननंतर काही महिने सूज येऊन गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. ती खरंच वाढली का, हे ठरवायला आधीच्या फिल्म लागतात. जळगाव-धुळ्याचे पेशंट सिव्हिलला दाखवून पुढे परळच्या टाटा हॉस्पिटलला जातात, तेव्हा फिल्म घरीच राहिल्या तर तुलना अडते, खेप वाया जाते.

हे लक्षात ठेवा
• सगळ्या फिल्म, सीडी आणि रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत ठेवा. फिल्मची घडी घालू नका, उन्हात ठेवू नका.
• पेसमेकर, क्लिप, रॉड किंवा डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, तर एमआरआयआधीच सांगा. मंगळसूत्र, जोडवी, मोबाइल बाहेर ठेवा.
• किडनीचा त्रास, अॅलर्जी किंवा दिवस गेले असतील, तर लपवू नका.
• महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे बाहेर पैसे भरण्याआधी योजनेतल्या दवाखान्यातील आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.
• फिटच्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका.