'क्रास्नी' : एका रशियन विशेषणाचा इतिहास

मॉस्को शहराच्या मध्यभागीं, क्रेमलिनच्या तटाला लागून जें विस्तीर्ण पटांगण आहे, त्याला रशियन भाषेंत 'क्रास्नाया प्लोश्चद' असें म्हणतात. मराठींत त्याचें भाषांतर 'लाल चौक' असें करण्यांत येतें. आणि १९१७ सालच्या क्रांतीच्या लाल निशाणावरून हें नांव पडलें असावें, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति निराळी आहे. हें पटांगण १५ व्या शतकाच्या अखेरीस, तिसऱ्या इव्हानच्या कारकीर्दींत, आगीच्या भयास्तव तटापुढील लांकडी वस्ती हटवून मोकळें करण्यांत आलें. प्रथम त्याला 'तोर्ग' म्हणजे बाजार म्हणत. 'क्रास्नाया' हें नांव १७ व्या शतकांत रूढ झालें, म्हणजे क्रांतीच्या दोनशें वर्षांहून अधिक आधीं. आणि त्याचा अर्थ होता 'सुंदर चौक'.

या विशेषणाचें मूळ प्राचीन स्लाव भाषेंतील 'क्रासा' या नामांत आहे. क्रासा म्हणजे सौंदर्य. चेक भाषेंत आजही 'क्रास्नी' म्हणजे सुंदर असाच अर्थ आहे, तांबडा नव्हे. मग तांबड्या रंगाला जुने स्लाव लोक काय म्हणत? त्यांचा शब्द 'चेर्व' म्हणजे किडा, यापासून झालेला होता. झाडांच्या मुळांवर वाढणारे बारीक किडे वाळवून त्यांपासून तांबडा रंग काढीत, म्हणून तांबडें तें 'चेर्वोन्नी'. पोलिश आणि युक्रेनी भाषांनीं हाच शब्द राखला आहे. मराठी माणसाला यांत परकें वाटण्याजोगें कांहीं नाहीं. मराठींतील 'किरमिजी' हा शब्द फारसींतून आला. त्याच्या मुळाशींही किडाच आहे. संस्कृत 'कृमि', फारसी 'किर्म' आणि रशियन 'चेर्व' हीं एकाच कुळांतील भावंडें होत, असें भाषाशास्त्रज्ञ मानतात.

रशियन भाषेनें मात्र १६ व्या-१७ व्या शतकांच्या सुमारास वाट बदलली. डोळ्यांत भरणारा, शोभिवंत रंग तो तांबडा, अशा भावनेनें 'क्रास्नी' हें विशेषण हळूहळू त्या रंगालाच चिकटलें. सौंदर्याचा अर्थ दर्शविण्याचें काम 'क्रासीवी' व 'प्रेक्रास्नी' या त्याच कुळांतील शब्दांकडे गेलें. आणि 'क्रासित्' म्हणजे रंगविणें व 'क्रास्का' म्हणजे रंग, हे शब्दही तेथूनच निघाले. संस्कृतांत 'रंज्' धातूपासून 'रंग' आला, 'रंजन' आलें आणि रंगविलेलें या अर्थाचें 'रक्त' तांबड्याचें वाचक झालें, तो प्रकार याच जातीचा.

व्याकरणाच्या दृष्टीनें हें विशेषण विकारी आहे. पुल्लिंगीं 'क्रास्नी', स्त्रीलिंगीं 'क्रास्नाया', नपुंसकलिंगीं 'क्रास्नोये'. येथपर्यंत मराठींतील चांगला, चांगली, चांगलें यांची आठवण होते. अनेकवचनीं मात्र तिन्ही लिंगांना 'क्रास्नीये' हें एकच रूप पुरतें. याशिवाय 'क्रासेन, क्रास्ना, क्रास्नो' अशीं आंखूड रूपें आहेत. तीं केवळ विधेयस्थानीं येतात. जुना अर्थ याच आंखूड रूपांनीं विशेष जपला आहे. घराची शोभा कोपऱ्यांनीं नव्हे, तर पोळ्यांनीं, अशा आशयाची एक रशियन म्हण आहे. तिच्यांतील 'क्रास्ना' म्हणजे शोभिवंत. लोककथांतील 'क्रास्नाया देवित्सा' ही तांबडी मुलगी नसून रूपवती कन्या होय. आणि जुन्या वीरगीतांत राजा व्लादिमिर याला 'क्रास्नोये सोल्निश्को' म्हणतात, तें 'लाडका सूर्य' या अर्थानें.

शब्दाचें भाग्य कसें पालटतें याचा सर्वांत बोलका दाखला घराच्या कोपऱ्याचा आहे. शेतकऱ्याच्या घरांत भट्टीच्या समोरील तिरप्या कोपऱ्यांत देवाच्या तसबिरी असत. त्याला 'क्रास्नी उगोल' म्हणत. मानाचा पाहुणा तेथेंच बसे. क्रांतीनंतर कारखान्यांत, वसतिगृहांत व बराकींत 'क्रास्नी उगोलोक' थाटण्यांत आले. नांव जवळजवळ तेंच; परंतु तसबिरींच्या जागीं लेनिनचें चित्र आणि वृत्तपत्रें आलीं. १९१८ सालीं स्थापन झालेल्या सेनेला 'लाल सेना' म्हटलें गेलें. तें नांव १९४६ पर्यंत चाललें. महाराणी कॅथरीनचें नांव मिरविणारें येकातेरिनोदार हें नगर १९२० सालीं 'क्रास्नोदार' झालें. येथें मात्र अर्थ निःसंशय लाल, आणि तोही राजकीय.

यावरून एक गोष्ट ध्यानीं घेण्याजोगी आहे. जुन्या नांवाला आजचा अर्थ लावला, कीं इतिहास नकळत खोटा होतो. ज्या चौकाला व्यापाऱ्यांच्या व यात्रेकरूंच्या पिढ्यांनीं सुंदर म्हटलें, तो भाषांतरांत केवळ एका पक्षाच्या निशाणाचा होऊन बसतो. 'लाल चौक' हें नांव आतां मराठींत रुळलें आहे, तें बदलण्याचें कारण नाहीं. परंतु तें उच्चारतांना त्याच्या पाठीमागें उभें असलेलें जुनें सौंदर्य ज्याला दिसेल, त्यालाच तो चौक खरा कळला असें म्हणतां येईल.