रोमच्या नळांचा हिशेब

वाहत्या पाण्याची चोरी पकडणे कठीण, हे कोणत्याही पाटकऱ्याला ठाऊक असते. परंतु पाणी ज्या वर्तुळाकार तोंडातून वाहते त्याचे क्षेत्रफळ काढणारा अंमलदार लाभला, म्हणजे ती चोरी दफ्तरात आपोआप उघडी पडते, याचा उत्तम दाखला प्राचीन रोमच्या कारभारात आढळतो. इसवी सन ९७ मध्ये सम्राट नर्वा याने त्या नगराच्या पाणीखात्यावर फ्रॉन्टिनस याची नेमणूक केली. ब्रिटनची सुभेदारी भूषविलेल्या या वृद्ध गृहस्थाला हाताखालच्या कारकुनांच्या सल्ल्यावर विसंबणे लाजिरवाणे वाटे. म्हणून त्याने नगरास येणाऱ्या नऊ जलवाहिन्यांची माहिती स्वतः जमवून ग्रंथरूपाने लिहून ठेवली.

मापाचे मूळ एकक 'क्विनारिया', म्हणजे पंचकी नळ. पाच अंगुळे रुंदीचा शिशाचा पत्रा वळवून तो होतो, असे जुने कारागीर सांगत. परंतु पत्रा वळविताना आतील बाजू आकसते व बाहेरील ताणते, तेव्हा असे माप भरवशाचे नव्हे, हा आक्षेप घेऊन फ्रॉन्टिनसने पाच पाव अंगुळांचा, म्हणजे आजच्या सुमारे २.३ सेंटिमीटरचा, व्यास प्रमाण मानला. विसाच्या नळापर्यंत नावे व्यासाच्या पाव अंगुळांवरून पडत, त्यापुढे क्षेत्रफळाच्या चौरस अंगुळांवरून. विसाच्या नळाशी या दोन्ही पद्धती जवळजवळ जुळत. चौरसातून त्यात बसणारे वर्तुळ काढले की तीन चतुर्दशांश भाग उरतो, असे तो धरतो; म्हणजेच परिघ व व्यास यांचे गुणोत्तर २२/७ मानतो. भास्कराचार्यांनी ११५० मधील 'लीलावती'त ३९२७/१२५० हे सूक्ष्म मान देऊन ज्याला स्थूल म्हटले, ते हेच; शिशाच्या नळाला तेवढे पुरेसे होते.

या गणिताने पाणक्यांचे बिंग फुटले. ज्या विसाच्या नळाने बहुधा लोकांना पाणी दिले जाई, त्याचा व्यास त्यांनी अर्ध्या अंगुळाने घटविला होता. उलट शंभराचे व एकशेवीसचे नळ, ज्यांतून ते स्वतः पाणी घेत, ते फुगविले होते. पाच अंगुळांतून अर्धे अंगूळ जाणे डोळ्याला किरकोळ दिसते. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलत असल्यामुळे व्यास दशांशाने घटताच पाणी जवळजवळ पंचमांशाने घटते, आणि उरलेले विकावयास मोकळे होते.

वेगाने येणारे पाणी त्याच तोंडातून अधिक वाहते, हे त्याच्या नजरेस आले होते. मात्र वेगाचा हिशेब त्याला मांडता आला नाही, आणि ती उणीव त्याच्या आकड्यांत राहिली. तथापि नळाच्या मुखाशी काशाची, सहजी न वाकणारी, बारा अंगुळे लांबीची आणि सरकारी शिक्क्याची तोटी असावी, हा त्याने सांगितलेला दंडक पाहता, मापाची खरी रखवाली गणिताबरोबर शिक्क्यानेही करावी लागते, हे त्या वृद्ध अंमलदाराने पुरते ओळखले होते.