श्रवणयंत्र आणि वाढते वय : एक ऐतिहासिक अवलोकन

प्रस्तावना :
श्रवणयंत्राचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. ते यंत्र लावून वाढलेल्या मुलाची बाजू त्यात क्वचितच येते. प्रस्तुत लेखात विसाव्या शतकातील या बाजूचा थोडक्यात विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
इ.स. १८८० मध्ये मिलान येथील कर्णबधिर शिक्षणविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेने खुणांच्या भाषेऐवजी मौखिक पद्धतीचा पुरस्कार केला. परिणामी, पुढे विद्युत श्रवणयंत्र शाळेत आले तेव्हा अनेक वर्गांतून खुणांची भाषा हद्दपार झाली होती. ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेने १९४८ पासून 'मेड्रेस्को' हे यंत्र विनामूल्य दिले. छातीवर पेटी आणि तेथून कानापर्यंत वायर, असे त्याचे स्वरूप होते. १९५२ च्या अखेरीस अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा वापर केलेले यंत्र बाजारात आले. परंतु ब्रिटनच्या शासकीय योजनेत कानामागील यंत्र १९७४ पासून मिळू लागले.

मुलाचा अनुभव :
पेटीतील ध्वनिग्राहक छातीवर असल्याने कपड्यांची सळसळही कानात घुमे. एकाच पेटीतून दोन्ही कानांना ध्वनी मिळाल्यास आवाजाची दिशा उमगत नसे. यंत्र शिक्षकाचा आवाज वाढवी, तसा बाकांचा खडखडाटही वाढवी. मूल वाढे तसा कानही वाढे; साचा सैल होऊन यंत्र शिट्टी वाजवू लागे आणि सर्व वर्गाच्या नजरा त्याच्याकडे वळत. म्हणजेच जुळवून घेणे ही एकदाच घडणारी गोष्ट नव्हती. ती वयाबरोबर पुन्हा पुन्हा करावी लागे.

अमेरिकन लेखिका सीसी बेल यांच्या 'एल डेफो' (२०१४) या चित्रमय आत्मकथनात याची दुसरी बाजू दिसते. शिक्षिकेच्या गळ्यातील ध्वनिग्राहकामुळे त्या वर्गाबाहेर गेल्या तरी छोट्या सीसीला ऐकू येत. लाजेचे कारण ठरलेले यंत्र तिला आपले सामर्थ्य वाटू लागते.

निष्कर्ष :
मिलानच्या ठरावांबद्दल २०१० मध्ये व्हँकूव्हर येथील परिषदेने खेद व्यक्त केला. भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने शिक्षणात खुणांच्या भाषेच्या वापराला चालना दिली. दोष यंत्राचा नव्हता; यंत्र दिले की भाषेची गरज भागली, या समजुतीचा होता. जुळवून घेण्याचा सर्व भार मुलावर टाकण्यात आला. तो भार शाळेने व समाजानेही उचलावा, हाच या इतिहासाचा बोध होय.