ऊर्जानियोजनाची गणिती प्रतिमाने आणि गुंतागुंतीचा प्रश्न : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
पुढील तीस-चाळीस वर्षांत राष्ट्राने कोळसा, तेल, अणुशक्ती, जलविद्युत व सौरऊर्जा यांपैकी कशावर किती खर्च करावा, हा प्रश्न मूलतः राजकीय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याचे उत्तर संगणकाकडे मागण्याची प्रथा रूढ झाली. ऊर्जेची मागणी कमीत कमी खर्चात भागविणारी साधने निवडणाऱ्या गणिती रचनेस इष्टतमीकरण प्रतिमान म्हणतात. या प्रतिमानांतील गुंतागुंत आटोक्यात ठेवण्याच्या प्रयत्नांचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

उगम :
लिओनिद कांतोरोविच (१९३९) व जॉर्ज डँट्झिग (१९४७) यांनी लिनिअर प्रोग्रॅमिंगचा पाया घातला. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली. तिच्या छत्राखाली अमेरिकेतील ब्रुकहेवन व पश्चिम जर्मनीतील युलिख येथील संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मार्कल’ हे प्रतिमान विकसित केले. संगणकाची क्षमता तुटपुंजी असल्याने त्यात वर्षाचे सहाच भाग कल्पिले होते : तीन ऋतू आणि प्रत्येकाचे दिवस व रात्र. इच्छेनुसार चालविता येणाऱ्या औष्णिक केंद्रांसाठी ही ढोबळ विभागणी बहुतांशी पुरेशी होती.

लाक्सेनबुर्गचा वाद :
व्हिएन्नाजवळील लाक्सेनबुर्ग येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्थेने वुल्फ हेफेले यांच्या नेतृत्वाखाली जगाचे सात विभाग करून २०३० पर्यंतचा ऊर्जावेध घेतला व १९८१ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात ‘मेसेज’ या प्रतिमानाचा वापर होता. १९८४ मध्ये बिल कीपिन व ब्रायन विन यांनी ‘नेचर’ नियतकालिकात त्याची चिकित्सा केली. निष्कर्ष बव्हंशी आधीच भरलेल्या गृहीतकांतून आले असून खर्चाच्या आकड्यांत अल्प बदल करताच इंधनांची निवड पालटते, असे त्यांनी दाखविले. प्रतिमानाच्या अवाढव्य आकारामुळे ही गृहीतके झाकली गेली होती. गुंतागुंत हा केवळ संगणनाचा प्रश्न नसून तो विश्वासार्हतेचाही आहे, हे या वादातून स्पष्ट झाले.

नवी आव्हाने :
पवन व सौर ऊर्जा वाढू लागल्यावर सहा भागांचे वर्ष अपुरे ठरले. वर्षातील ८,७६० तास स्वतंत्रपणे मोजावेत, तर समीकरणांची संख्या प्रचंड वाढते. त्यावर काही प्रातिनिधिक दिवस निवडणे, लगतचे प्रदेश एकत्र करणे, तसेच बेंडर्स यांच्या १९६२ च्या पद्धतीने मोठ्या प्रश्नाचे विभाजन करणे असे उपाय योजले गेले. यांपैकी विभाजनात मूळ प्रश्न अबाधित राहतो. पहिल्या दोहोंत मात्र तपशील गमवावा लागतो. सुटे दिवस निवडल्यास सलग आठवडाभर वारा पडल्याची स्थिती निसटू शकते आणि साठवणुकीची गरज कमी भासते. प्रदेश एकत्र केल्यास पारेषणातील अडथळे दिसेनासे होतात.

२०११ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ओसेमोसिस’ने वेगळी वाट धरली. प्रतिमान आटोपशीर व सर्वांना खुले ठेवावे, म्हणजे अल्प साधनांच्या देशांतील अभ्यासकांनाही ते तपासता येईल, ही त्यामागील भूमिका होती. भारतात ‘टेरी’ने २००६ च्या राष्ट्रीय ऊर्जा आराखड्यासाठी ‘मार्कल’चा वापर केला होता, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

निष्कर्ष :
प्रतिमान सोपे करणे अपरिहार्य आहे. परंतु काय वगळले व का वगळले, हे सांगणे तितकेच आवश्यक आहे. एकदा उभारलेले वीजकेंद्र कित्येक दशके चालते. म्हणून ज्या गृहीतकांच्या आधारे ते उभे राहते, त्यांची तपासणी गणितज्ञांइतकीच इतिहास, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र यांच्या अभ्यासकांनीही करणे अगत्याचे आहे.