ग्रोमेट : पत्र्याच्या भोकातून जाणाऱ्या वायरींसाठी

पत्र्याला पाडलेल्या भोकात बसवायची रबराची किंवा तत्सम लवचीक पदार्थाची कडी. तिच्या बाहेरच्या घेराला खाच असते. त्या खाचेत पत्र्याची कडा अडकते आणि मधल्या भोकातून वायर किंवा केबल आत जाते. पंपाचा स्टार्टर, यंत्राचे कंट्रोल पॅनेल, रस्त्यावरची वितरण पेटी, मोटारगाडी, जिथे वायर धातूच्या पत्र्यातून आरपार जाते तिथे ग्रोमेट लागते. त्याची कामे दोन. पत्र्याच्या धारेपासून वायरीचे आवरण वाचवायचे आणि भोकातून पाणी, धूळ, किडामुंगी आत येऊ द्यायची नाही. पहिले काम बाजारातली कोणतीही रबरी कडी करते. दुसऱ्यासाठी भोक, पत्रा, केबल आणि रबर या चौघांची मापे एकमेकांशी जुळवावी लागतात.

रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील लोधिवली आणि तिच्या आसपासचा पाताळगंगा नदीचा पट्टा या दृष्टीने कसोटी पाहणारा आहे. सह्याद्रीच्या पायथ्याच्या कर्जत-खालापूर भागात वर्षाला तीन हजार मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. खोपोलीला टाटांचे जलविद्युत् केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. त्याचे वापरून सुटलेले पाणी पाताळगंगेत येते. या बारमाही पाण्याच्या आधाराने खोऱ्यात कारखाने उभे राहिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना रसायनीला आला, १९८२ मध्ये रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना पाताळगंगेला सुरू झाला. मोठ्या कारखान्यांमागून औद्योगिक वसाहतीतले छोटे गाळे आले, शेतघरांवरचे पंप आले. म्हणजे मुसळधार पाऊस, रसायनांची वाफ आणि उघड्यावरच्या विजेच्या पेट्या, तिन्ही एकाच ठिकाणी.

पेटी किती बंदिस्त आहे हे आयपी या मानांकनाने सांगतात. आयईसी ६०५२९ हे त्याचे आंतरराष्ट्रीय मानक असून भारतात ते आयएस/आयईसी ६०५२९ या नावाने स्वीकारलेले आहे. पहिला आकडा घन वस्तू व धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. दुसरा आकडा ५ असेल तर ६.३ मिमी. तोंडाच्या नळीतून मिनिटाला १२.५ लिटर पाण्याचा झोत सर्व बाजूंनी मारून चाचणी घेतात. ६ असेल तर १२.५ मिमी.ची नळी आणि मिनिटाला १०० लिटर. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. हे मानांकन चाचणीला ठेवलेल्या पेटीचे असते. आयपी ६५ ची पेटी विकत आणून वायरमनने तिला एक भोक पाडले आणि ते नीट बंद केले नाही, तर त्या क्षणी ती पेटी आयपी ६५ राहत नाही. दारावर लावलेले लेबल मात्र तसेच राहते. या विषयात लोकांच्या ध्यानात सर्वांत कमी येणारी गोष्ट हीच आहे.

आराखड्याची सुरुवात पत्र्याच्या जाडीपासून होते. आपल्याकडच्या पेट्या बहुधा १६ किंवा १४ गेजच्या पत्र्याच्या, म्हणजे साधारण १.६ किंवा २ मिमी. जाडीच्या असतात. दोन्ही बाजूंना पावडर कोटिंगचा थर धरला की १.६ चे सुमारे १.७५ मिमी. होतात. ग्रोमेटची खाच यापेक्षा थोडी अरुंद, समजा १.४ मिमी., ठेवली तर तिच्या दोन्ही बाजूंच्या कॉलर पत्र्याला दाबून बसतात. खाच सैल असेल तर ग्रोमेट भोकात गरगर फिरते आणि कॉलरखालून पाणी झिरपते. खाचेच्या तळाचा व्यास भोकापेक्षा किंचित मोठा हवा. २० मिमी.च्या भोकाला २०.५ मिमी. पुरतो.

मधले भोक केबलपेक्षा लहान ठेवायचे. १० मिमी. व्यासाच्या गोल केबलला ८.५ मिमी.चे भोक दिले तर रबर सुमारे १७-१८ टक्के ताणले जाते आणि केबलला घट्ट आवळते. इथे रबराचा एक गुण आडवा येतो. रबर वाकते, ताणते, पण दाबले म्हणून त्याचे आकारमान जवळजवळ कमी होत नाही. एका बाजूने दाबले की ते दुसरीकडे फुगते. बाहेरून पत्र्याने आणि आतून केबलने कोंडलेल्या जाड भरीव ग्रोमेटला फुगायला जागाच उरत नाही. मग केबल आत ढकलता ढकलता वायरमनचे बोट दुखते आणि शेवटी तो ब्लेड घेऊन भोक मोठे करतो. चांगल्या ग्रोमेटमध्ये म्हणून केबलला भिडणारा भाग भरीव नसतो. तिथे एकामागे एक दोन किंवा तीन पातळ ओठ असतात. ते केबलबरोबर वाकतात, आणि पहिल्या ओठातून चुकून सुटलेला थेंब दुसरा अडवतो.

केबल तिरकी ओढली गेली तर तिची एक बाजू ओठापासून सुटते आणि तिथे फट पडते. यावर उपाय म्हणजे पत्र्यात बसणारा भाग आणि केबल धरणारा भाग वेगळे करून मध्ये लवचीक मान ठेवणे. केबल हलली तरी मान वाकते, पत्र्याकडचा भाग जागचा हलत नाही. मोटारगाडीच्या दारात हीच कल्पना पुढे नेलेली असते. दार दिवसातून कितीदा उघडमिट होते; त्यामुळे चौकटीतून दाराकडे जाणाऱ्या वायरींभोवती हार्मोनियमच्या भात्यासारखी चुण्यांची रबरी नळी बसवतात आणि तिच्या दोन्ही टोकांना खाचांची ग्रोमेटे असतात.

गोल केबलच्या जागी चार-पाच सुट्या वायरींची जुडी एकाच भोकातून न्यायची झाली तर वायरींमधल्या त्रिकोणी पोकळ्या कोणतेही रबर भरू शकत नाही. बाहेरून कितीही आवळले तरी मधून पाणी जातेच. यासाठी प्रत्येक वायरीला स्वतंत्र छिद्र असलेले ग्रोमेट वापरावे, नाहीतर पोकळ्यांत ब्यूटिल पुटी भरावी. पातळ पडद्याचे बंद ग्रोमेट किंवा पायऱ्यापायऱ्यांचे शंकूच्या आकाराचे ग्रोमेट हे कामापुरते कापून वापरतात. केबलच्या मापाची पायरी कापायची असते; एक पायरी जास्त कापली की ते ग्रोमेट वाया गेले.

उघड्यावरच्या पेटीच्या बाबतीत एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. उन्हात तापलेल्या पेटीतली हवा ५५ अंश सेल्सियस असताना पावसाची सर आली आणि पेटी पटकन २५ अंशांवर उतरली, तर पेटी पूर्ण हवाबंद असल्यास आतला दाब सुमारे नऊ टक्क्यांनी घटतो. ही ओढ जवळजवळ एक मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी होते. ग्रोमेटच्या ओठांवर त्या वेळी पाणी असेल तर ते आत खेचले जाते. जूनच्या पहिल्या सरींनंतर चांगल्या दिसणाऱ्या पेटीच्या तळाशी पाणी सापडते त्याचे हे एक कारण. म्हणून उघड्यावरच्या पेटीला तळाशी पाणी बाहेर सोडणारा आणि हवा घेणारा ब्रीदर बसवावा. सगळा भार ग्रोमेटवर टाकू नये.

पदार्थाची निवड जागेवर ठरते. नैसर्गिक रबर लवचीक आणि स्वस्त, पण ऊन आणि ओझोन यांनी ताणलेल्या जागी तडकते. नायट्राइल रबर तेलाला टिकते, उन्हाला नाही. ईपीडीएम रबर १९६० च्या दशकात बाजारात आले. ते ऊन, पाऊस, ओझोन आणि सौम्य आम्लांना चांगले तोंड देते, मात्र खनिज तेलात फुगते. निओप्रीन दोन्हींच्या मधले. सिलिकोन दोनशे अंशांपर्यंत चालते, पण ते सहज फाटते. लोधिवली-रसायनीसारख्या भागात उघड्यावरच्या पेटीला ईपीडीएम, आणि यंत्राच्या तेलकट अंगाला नायट्राइल किंवा निओप्रीन, ही निवड बहुतेक वेळा बरोबर ठरते. मऊ पीव्हीसीची ग्रोमेटे स्वस्त मिळतात. काही वर्षांत त्यांतला मऊपणा आणणारा पदार्थ निघून जातो आणि ती कडक होऊन आक्रसतात.

रबर ताजे असताना सगळीच ग्रोमेटे घट्ट बसतात. फरक कळतो तो वर्षभर दाबात राहिल्यावर ते किती परत फुलते यावरून. ठरावीक प्रमाणात दाबून, ठरावीक तापमानाला ठरावीक तास ठेवून, सोडल्यावर किती दबलेले राहिले हे मोजतात. भारतात रबराच्या अशा चाचण्या आयएस ३४०० मध्ये दिल्या आहेत. पेरॉक्साइडने पक्के केलेले ईपीडीएम या कसोटीत गंधकाने पक्के केलेल्यापेक्षा सहसा चांगले उतरते. साच्याच्या दोन अर्ध्यांमधली रेघ केबलला भिडणाऱ्या ओठावर येऊ देऊ नये. तिथला बारीकसा उंचवटा पाण्याला वाट देतो. साचा बनवतानाच हे पाहावे लागते, नंतर दुरुस्त होत नाही.

ग्रोमेट केबलला धरून ठेवत नाही. ओढ बसू शकेल अशी केबल, तसेच आर्मर्ड केबल, यांना केबल आवळून धरणारा ग्लँडच हवा. आर्मरची अर्थिंगही ग्लँडमधूनच होते. ज्वलनशील वाफा असतील तिथे ज्वालारोधी पेट्यांना त्यांच्याच मानकातले ग्लँड लागतात, साधे रबर चालत नाही. एसी प्रवाहाच्या तीन फेजच्या सुट्या जाड केबली लोखंडी पत्र्यातून वेगवेगळ्या भोकांतून नेल्या तर पत्रा तापतो आणि ग्रोमेट करपते. तिथे तिन्ही केबली एका भोकातून न्याव्यात किंवा ग्लँड प्लेट ॲल्युमिनियमची घ्यावी. पुरालाही ग्रोमेट हे उत्तर नाही. जुलै १९८९ मध्ये पाताळगंगेला पूर येऊन रिलायन्सच्या कारखान्यात पाणी शिरले. अशा पाण्यापासून वाचायचे असेल तर पेटी उंचावरच बसवावी लागते.

बसवण्याच्या रीतीवर निम्मे यश अवलंबून असते. भोक होल-सॉने किंवा पंचने पाडावे, गॅस कटरने नाही. कडेची बर कानशीने काढून उघड्या पत्र्याला रंग लावावा, नाहीतर गंज रबराखाली सरकतो आणि कॉलर उचलतो. केबल शक्यतो पेटीच्या तळातून आत घ्यावी आणि आत जाण्याआधी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी वळशाच्या सर्वांत खालच्या जागी टपकते. ग्रोमेट सरकवायला साबणाचे पाणी वापरावे. ईपीडीएमला तेल किंवा ग्रीस लावू नये. न वापरलेली भोके बंद ग्रोमेटने झाकावीत. उघड्या भोकातून पाली शिरतात, कुंभारमाशी आत मातीचे घर बांधते, आणि संपर्कांवर मुंग्या बसून स्टार्टर अडकल्याचे प्रकार शेतघरांच्या पंपांवर नेहमीचे आहेत. भोकाभोवती गुंडाळलेली काळी टेप मृगाच्या पावसातच सुटू लागते. तो उपाय धरू नये.

कर्जत-खालापूर भागात उघड्यावरच्या पेट्यांची ग्रोमेटे दरवर्षी मे महिन्यात तपासावीत. वीज बंद करून, केबल हलवून आणि ओठांवर नखाने दाबून पाहावे. रबर चिरलेले किंवा कडक झालेले आढळले तर पाऊस सुरू होण्याआधी ते बदलावे.