यंत्रांचे पाठांतर

सतारीला स्वतःची आठवण नसते. खुंट्या कशा पिळल्या आहेत एवढेच काय ते तिच्यापाशी शिल्लक राहते. बाकीचे सारे वाजविणाऱ्याच्या बोटांत आणि कानांत असते. पेटीचेही तसेच. वाजविणारा उठून गेला की पेटी मुकी होते. वाद्याने आपणहून काही ध्यानात ठेवावे ही कल्पना बैठकीतून आली नाही. ती कारखान्यातून आली. आज लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत विजेवरचा जो अ‍ॅरेंजर कीबोर्ड वाजतो, तो डाव्या हाताखालचे सूर ओळखून ताल, बास आणि साथ आपली आपण उभी करतो. शिवाय वाजविणाऱ्याने रात्री जागून जुळविलेली साथ, निवडलेले आवाज, ठरविलेली लय हे सारे तो पोटात साठवून ठेवतो. हे पोट कसे भरते, आणि एका यंत्राच्या पोटातले दुसऱ्याला का पचत नाही, ह्याचा इतिहास बोधप्रद आहे.

त्याचा आरंभ विजेच्या वाद्यांत नाही, कागदात आहे. १८९५ साली अमेरिकेत एडविन व्होटी ह्याने पियानोला नावाचे यंत्र तयार केले. भोके पाडलेली कागदाची गुंडाळी त्यातून फिरे आणि ज्या जागी भोक असेल त्या पट्टीवर हवेच्या जोराने आघात होई. बघता बघता अशी यंत्रे करणारे कारखाने वाढले, आणि प्रत्येकाच्या गुंडाळीची रुंदी व भोकांची मांडणी निराळी निघाली. एकाची गुंडाळी दुसऱ्याच्या यंत्रावर चढेना. शेवटी १९०८ साली बफेलो शहरी कारखानदार एकत्र बसले आणि सव्वाअकरा इंच रुंदी सर्वांनी मान्य केली. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या गुंडाळीसाठी इंचाला नऊ भोके असे प्रमाणही ठरले. गिऱ्हाइकाचा जीव भांड्यात पडला.

परंतु तो पुरता पडला नाही. केवळ सूर वाजविण्यावर कारखानदारांचे समाधान नव्हते. वादकाचा हात कोठे हलका पडला, कोठे जड पडला, हेही कागदावर उतरवावे असे त्यांना वाटू लागले. वेल्टे कंपनीने १९०४ साली तसे यंत्र काढलेच होते. पुढे अँपिको आणि ड्युओ-आर्ट ही यंत्रे निघाली. त्यांच्या गुंडाळ्यांत सुरांची भोके मान्य प्रमाणाप्रमाणे होती, पण नाजूकपणा सांगणारी भोके ज्याची त्याची, गुप्त लिपीसारखी. एकाची गुंडाळी दुसऱ्यावर लावली तर सूर निघत, त्यातला जीव निघत नसे. सूर सर्वांचे झाले, भाव मात्र ज्याचा त्याच्या तिजोरीत राहिला. पुढच्या शंभर वर्षांचा इतिहास ह्या एका वाक्यात सामावतो असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

विजेच्या वाद्यांना आठवण आली ती १९७८ च्या सुमारास. त्या साली निघालेल्या प्रॉफेट-५ ह्या वाद्यात चाळीस आवाज साठविता येत. १९८३ सालच्या यामाहाच्या डीएक्स-७ मध्ये बत्तीस आवाज मावत. ही आठवण वाद्यातल्या एका चपट्या बॅटरीवर जगे. वाद्य बंद असले तरी ती बॅटरी आठवणीला धुगधुगी देई. काही वर्षांनी बॅटरी मेली की आठवणही तिच्यामागोमाग सती जाई. कॅसिओच्या १९८५ सालच्या एसके-१ ह्या लहानग्या वाद्याची तर एवढीही ऐपत नव्हती. त्यात नोंदविलेला आवाज बटण बंद करताच नाहीसा होई.

ह्याच काळात दुसरे बफेलो घडले. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतील वाद्यव्यापाऱ्यांच्या मेळाव्यात सीक्वेन्शिअल कंपनीचे एक वाद्य आणि जपानच्या रोलँडचे एक वाद्य तारेने जोडले गेले, आणि एकावर बोट ठेवताच दुसरे वाजले. ह्या समाईक भाषेचे नाव मिडी. डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. तथापि ह्या भाषेतही प्रत्येक कंपनीसाठी एक खासगी खोली राखून ठेवलेली होती, आणि खोलीवर कंपनीचा क्रमांक होता: रोलँडचा ६५, कॉर्गचा ६६, यामाहाचा ६७. त्या क्रमांकाने आरंभ होणारा निरोप इतरांनी ऐकून सोडून द्यावयाचा.

१९९१ साली १२८ आवाजांची एक सर्वमान्य यादी ठरली. तीत सतारीला १०५ वा आणि सनईला ११२ वा क्रमांक मिळाला. तबला मात्र त्या यादीत नाही, तालवाद्यांच्या कोष्टकातही नाही. मग ढोलकीची काय कथा! परिणाम असा की आपल्या गाण्याचा जो कणा, तोच कंपन्यांच्या खासगी खोल्यांत राहावयास गेला.

अ‍ॅरेंजर कीबोर्डांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा झाला, कारण त्यांना केवळ आवाज नव्हे, वाजविण्याची रीत साठवावी लागते. यामाहाच्या घरात प्रत्येक वस्तू निराळ्या फाइलीत राहते. साथीची स्टाइल एका फाइलीत, गाणे दुसरीत, आणि ‘रजिस्ट्रेशन’ म्हणजे एका बटणावर बसविलेली सारी मांडणी तिसरीत. हे रजिस्ट्रेशन स्टाइल स्वतःजवळ ठेवीत नाही. ती कोठे ठेवली आहे त्याचा पत्ता ठेवते. फाइलीचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फोल्डरात हलविली की पत्ता चुकतो. कॉर्गच्या ‘पीए’ मालिकेची रीत एकत्र कुटुंबाची. तेथे ‘सेट’ नावाचे एक फोल्डर असते आणि त्याच्या पोटात स्टाइली, आवाज, नोंदविलेले नमुने, साँगबुक हे सारे आपापल्या खोलीत नांदते. बिऱ्हाड हलवावयाचे तर एकदम हलते, ही सोय. पण नवा सेट सबंध चढविला की वाजविणाऱ्याचे आधीचे बिऱ्हाड रस्त्यावर येते, हा धोका. पहिल्या रीतीत दुवा तुटतो, दुसरीत जुने पुसले जाते. दोहोंत श्रेष्ठ कोणती, हे वाजविणाऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून आहे.

माझा एक जुना विद्यार्थी आमच्या तालुक्यात ऑर्केस्ट्रात वाजवितो. गेल्या वर्षी त्याचे जुने वाद्य बिघडले, तेव्हा त्याने दुसऱ्या कंपनीचे घेतले आणि संगणकावर सगळ्या स्टाइलींचे रूपांतर करून आणले. चार दिवसांनी मला म्हणाला, “सर, सूर सगळे आले, पण ढोलकीच्या जागी घंटा वाजते. आणि जुन्या फ्लॉप्यांत माझ्या दादाने बसविलेल्या लावण्या आहेत. दादा आता नाही.” मी विचारले, “मग करणार काय?” तो म्हणाला, “पुन्हा बसवीन. दादासारखी बसेल की नाही, सांगता येत नाही.” फ्लॉपी ही १.४४ मेगाबाइटची चकती; जपानात सोनीने तिची विक्री मार्च २०११ मध्ये थांबविली. चकती त्याच्या हाती आहे, ती वाचणारे वाद्य नाही.

ह्या बाबतीत यंत्रांनाच दोष द्यावा असे नाही. आपल्याकडे पं. विष्णु नारायण भातखंडे आणि पं. विष्णु दिगंबर पलुसकर ह्या दोन थोर पुरुषांनी संगीत कागदावर उतरविण्याच्या दोन पद्धती दिल्या. भातखंड्यांच्या पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब असेल तर तो तार सप्तकाचा. पलुसकरांच्या पद्धतीत तेच टिंब मंद्र सप्तकाचे. स्वरावरची उभी रेघ एकाकडे तीव्र मध्यम दाखविते, दुसऱ्याकडे तार सप्तक. कोणाची वही आहे हे ठाऊक नसेल तर गाणारा आकाशाऐवजी पाताळात जाईल. पण येथे एक मोठा फरक आहे. ह्या दोन्ही पद्धतींची किल्ली छापील पुस्तकाच्या पहिल्या पानांवर दिलेली असते. ती कोणीही वाचावी. यंत्राची किल्ली कंपनीच्या खिशात असते, आणि कंपनीचा जुन्या मालातला रस नवा माल निघताच संपतो.

म्हणून वाजविणाऱ्यांनी आपले श्रम एकाच पोटात ठेवू नयेत. गाणे साध्या मिडी फाइलीतही उतरवावे, म्हणजे निदान सूर वाचतील. प्रत्यक्ष वाजवून ध्वनिमुद्रण करावे, म्हणजे भाव वाचेल. आणि कोणत्या बटणावर कोणता ठेका, कोणता आवाज, कोणती लय, हे साध्या वहीत लिहावे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद आजही रुमालांत बांधलेले आहेत. ते बोलतात, कारण मोडी वाचणारी माणसे थोडी का होईना उरली आहेत. माझ्या विद्यार्थ्याने आता अशी वही घातली आहे. पहिल्या पानावर त्याने दादाच्या लावणीचा ठेका बोलांत लिहून काढला आहे. तो वाचावयास कोणतेही यंत्र लागत नाही.